फटाक्यांच्या नावावर

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नव्हतंच — सरळ सरकारी नोकरी, दिल्लीत द्वारकेतला फ्लॅट, वेळेवर निवृत्ती. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका कुत्र्याची आहे. हसलात तरी चालेल, सुरुवातीला मीही हसलोच होतो.

माझे जुने सहकारी शेखसाहेब, मूळचे सोलापूरचे, आमच्याच सेक्टरमध्ये राहतात. त्यांच्या मुलीला, सनाला, फिट येतात. पंचविशीची, हुशार, कुणाला उलट उत्तर द्यायला न कचरणारी पोरगी — पण चार इमारतींपलीकडच्या लायब्ररीतही आईशिवाय जाता येत नव्हतं तिला. गुरुग्रामची एक छोटी संस्था अशा लोकांसाठी कुत्री तयार करते. फिट आली की कुत्र्यानं जवळ थांबायचं, भुंकून माणसं गोळा करायची. सनासाठी निवडलेला बादल, एक काळा लॅब्रॅडॉर, कामात चोख होता; फक्त बाहेर पडला की बुजायचा. रिक्षाचा हॉर्न वाजला की रस्त्यातच बसकण मारायचा. काही महिने घरी ठेवून त्याला बाजाराची सवय लावणारं कुणीतरी हवं होतं. मी रिकामटेकडा, आयताच सापडलो.

त्याला शिकवणाऱ्या रुचिकाचा एकच नियम होता — तो घाबरला तर आपण मागे यायचं, ओढायचं नाही. आम्ही मेट्रो स्टेशनपासून लांब एका बाकावर बसायचो. त्यानं गर्दीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, की चिकनचा तुकडा. मी जन्माचा शाकाहारी, आणि खिशात उकडलेलं चिकन! रोज चार पावलं पुढे, कधी दोन मागे. पावसाळा संपत आला तेव्हा तो भाजीबाजारातून ताठ मानेनं चालायला लागला होता. भाजीवाले त्याला नावानं हाका मारायचे. आणि खरं सांगू? त्याच्यापेक्षा मीच जास्त फुगलो.

त्याच सुमारास सनाला आमच्या घरी फिट आली. शेखवहिनी आणि आमची ही खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. तिच्याजवळ मी एकटाच होतो. बादल दोनदा भुंकला आणि तिच्या कुशीला टेकून पडून राहिला, ती भानावर येईपर्यंत. जराही बुजला नाही. सनाला यातलं काही आठवत नाही, आणि त्या विषयावर बोललेलंही तिला आवडत नाही. बादल तेव्हा कसा वागला, हे मीही कुणाला सांगितलं नाही. हा पराक्रम मंडळाच्या स्टेजवरूनच सांगायचा, नाव न घेता, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मंडळ म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा गणपती. करमणुकीच्या कार्यक्रमात बादलला आणतो, असं मी परस्पर कबूल करून बसलो होतो. रुचिकानं बजावलं होतं — मांडवाच्या फाटकापर्यंतच, आणि ढोल असतील तर तेवढंही नको. मी हो म्हणालो. आणि गेलो.

स्टेजच्या पायरीशी तो बसला तो बसलाच. खाली ढोल-ताशे, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, "अरे यार साहेब, तुमचा शेर तर पायरीलाच घाबरला!" हशा पिकला. तेव्हा मागे फिरता आलं नसतं का? आलं असतं. मी त्याला ओढत वर नेलं. फळ्यांवर त्याची नखं घासत होती. वर पोचल्यावर त्यानं सतरंजीवरच लघवी केली, आणि लोक पुन्हा हसले.

त्यानंतर — हे लिहिताना थांबतोय, पण लिहितो. स्टेजच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, मी त्याचा पट्टा हाताला गुंडाळला आणि उरलेल्या टोकानं त्याला मारलं. एकदा नाही. हात दुखायला लागला तेव्हा थांबलो. तो ओरडला नाही. पळून जाणार तरी कुठे? मीच त्याला धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तो पुन्हा बुजायला लागला, तेव्हा रुचिकाला सांगितलं, फाटकापाशी कुणीतरी अगदी शेजारी फटाक्यांची माळ लावली. तिला ते खरं वाटलं. मग कितीतरी आठवडे ती बिचारी त्याला फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवत राहिली, आधी हळू, मग मोठ्यानं. त्याला त्याचं काहीच नव्हतं. ऐन दिवाळीत तो आमच्या हॉलमध्ये ढाराढूर झोपला होता. पण कुणी पट्टा हाताला गुंडाळला, की पोट जमिनीला लावून थरथरायचा. रुचिका चक्रावली. दोनदा तिनं मला विचारलं, "सर, उस दिन और कुछ हुआ था क्या? बता दीजिए, मैं कुछ नहीं कहूँगी." दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. तिला खरं कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. ते मलाही कळत होतं.

शेवटची चाचणी बाजारात झाली. सनानं पट्ट्याचा हाताला एक वेढा घेतला आणि बादल तिथेच खाली बसला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. संस्थेनं त्याला या कामातून काढलं. पानिपतच्या एका कुटुंबानं त्याला घरी पाळायला नेलं.

त्या संध्याकाळी सना मला म्हणाली, "काका, त्याची काही चूक नाही. तुमच्या घरी त्यानं मला तसं पाहिलं ना... कुणीही घाबरेल."

उलट त्या दिवशी तो तुझ्याजवळून हललासुद्धा नव्हता — एवढंच म्हणायचं होतं मला. पण मग तिनं विचारलं असतं, तर आज का घाबरला? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस, बेटा."

या वर्षी संस्थेनं तिला दुसरा कुत्रा देऊ केला. शेखवहिनींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काकांचं ती ऐकते, म्हणाल्या. त्याच वहिनींनी बादलसाठी नमाजाची खोली सोडून अख्खं घर मोकळं केलं होतं. सना म्हणाली, नको. माझ्यापायी अजून एका मुक्या जिवाला कशाला घाबरवायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तिला नको असेल तर जबरदस्ती करू नका," मी म्हणालो.

ते सगळ्यांना पटलं. सना अजूनही आईबरोबरच लायब्ररीत जाते.