रुमालाखालचा शब्द

मी माझ्या मुलीला फसवलं आणि ठपका तिच्या आईवर येऊ दिला. हेदवीच्या व्याह्यांनी मला कसं फसवलं, ते आमच्या पावस गावात पोराटोरांनाही पाठ आहे. मीच सांगत सुटलो ना! हे मात्र आजवर कोणापाशी बोललो नाही. आज तरी का बोलतोय? ठाऊक नाही.

माझा धंदा आंब्याचा. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं धरायची. मूठ आवळली की सौदा पक्का. साक्षीला कोणी नसतं, पण शब्द फिरवणाऱ्याच्या दारात पुन्हा कोणी उभं राहत नाही. मी तापट माणूस. भावावरून लोकांच्या अंगावर धावलो असेन. आवळलेली मूठ कधी सोडली नाही.

यमीला हा खेळ मीच शिकवला. संध्याकाळी ओटीवर माझ्या हातावर पंचा टाकून ती बोटं दाबायची — जत्रेतलं गोड खाजं हवं, बांगड्या हव्यात. लाड करायची दुसरी रीत मला येत नव्हती.

तिसरीत असताना एकदा तिनं माझी चार बोटं धरली.

"कसली गो चार?"

"शाळेची वर्षं, बाबा. सातवीपर्यंत."

मी दोनावर आणू पाहिलं. पोरगी हटेना! माझीच ना ती. शेवटी हसून मी मूठ आवळली.

पुढच्याच वर्षी हेदवीचं स्थळ आलं. त्यांची गलबतं होती. माझा माल त्यांतून मुंबईला जाईल, हे मी पाहुणे उठायच्या आत ठरवून टाकलं. बायको म्हणाली, "शिकू दे हो तिला. एवढी कसली घाई?" मी तिच्यावर खेकसलो. मग यमी आली, पंचा घेऊन. तेव्हा मी — तेव्हा मी काय म्हणालो?

"मी कुठं नाही म्हणतो, बाय? तुझ्या आईलाच लग्नाची घाई."

आई दारामागेच होती. तिनं ऐकलं. आत चुलीकडे वळली.

त्या गलबतांत माझ्या पेट्यांना कधी जागा मिळाली नाही, ते असो. यमी माहेरी येते, माझ्यासाठी सुपारी आणते, माझ्यापाशी तासभर बसते. आईशी कामापुरतं बोलते.

यंदा शिमग्याला लेकीला घेऊन आली. नात पाटी दाखवायला आजीकडे धावली. यमी हसत म्हणाली, "इकडं ये गो. आजीला पाटी दाखवू नको, काढून घेईल."

बायकोही हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी? न्हाणीत पाणी तापलं का, म्हणून विचारलं.

यमी, इतकी वर्षं तू जाब भलत्याच माणसाला विचारलास. तिनं काय उत्तर द्यायचं? शाळेतून तुला मी काढलं. जाब द्यायचा तो मी — तुझ्या आईच्या देखत.