पाटीवरचा संशय

ज्या कामाचं नाव एका दमात सांगता येत नाही, त्याचे किस्से आपोआप साठत जातात. लोक आधी संशय घेतात, मग त्याचा किस्सा होतो!

आणीबाणीच्या दिवसांत मी आणि माझी मैत्रीण शैला सोलापुरात पदव्युत्तर ट्रेनिंग घेत होतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांना चित्रांच्या पाटीवर बोटानं किंवा नुसत्या नजरेनं मनातलं सांगायला शिकवायचं. त्यासाठी सरकारी स्कॉलरशिप होती.

ती आमच्या घरमालकांना खटकली.

"मुक्यांना बोलायला शिकवता?"

"नाही काका, न बोलता सांगायला!"

"आणि त्याचे पैसे सरकार देतं?"

"हो."

काकांनी हळूच दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून आम्ही जिन्यात दिसलो, की ते सगळं कुटुंब एकमेकांशी खुणांनी बोलायचं. शैला म्हणाली, "अगं, सी.आय.डी. समजतायत आपल्याला!"

*

एकदा एस.टी. स्टँडवर हवालदारानं आमची पिशवी उघडायला लावली. पाटी बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"ही कसली गुप्त भाषा?"

आम्ही समजावून थकलो. त्यानं एकेका चित्रावर बोट ठेवत चौकशी सुरू केली. "ह्ये काय?" दवाखाना. "ह्ये?" आई. "आन् ह्ये?"

"चहा."

"मग आना की!"

*

माळशिरसकडची एक बाई मुलाला घेऊन यायची. पाटी घरी न्यायला मात्र तयार नव्हती. "चित्रं दावून भागलं तर पोरगं बोलायचा आळस करंल."

आमच्या प्रोफेसर बाई म्हणाल्या, "अहो, काठी घेतली म्हणून पाय आळशी होतो का?"

"व्हतोय की! सासऱ्यानं काठी घेतल्यापासनं पानीबी हातात लागतंय!"

शेवटी कशीबशी पाटी घेऊन ती गेली. पुढच्या आठवड्यात तणतणत परत आली.

"ह्यातलं शिऱ्याचं चित्र काढा आदी. रोज त्येच मागतंय!"

*

यल्लप्पा मागावर काम करायचे. घरात सगळे तेलुगू बोलत. त्यांची चौदा वर्षांची पद्मा जन्मापासून अंगानं ताठर, बोलणं अजिबात नाही. पण डोळे कसे लख्ख! ती नजरेनं चित्र दाखवायला शिकली, तरी घरच्यांचा विश्वास बसेना.

"तिला कुटं काय कळतंय?" आजी म्हणायची. "ह्या बाईच खुणा करत्यात."

यल्लप्पांनाही तीच शंका. एक दिवस ते म्हणाले, "बाई, तुमाला तेलुगू येतं?"

"नाही."

"मग मी तेलुगूत इचारतो. तुमी भिंतीकडं तोंड करा."

मी मुकाट्यानं वळले. वर्षभराची मेहनत एका प्रश्नावर आली होती. त्यांनी काहीतरी विचारलं.

"फिरा बाई," यल्लप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

पद्माची नजर पाटीवर एका जागी खिळली होती. आजीच्या चित्रावर.

"काय विचारलंत?"

"डब्यातला गूळ कोन खातंय?"

कोपऱ्यातून आजी ताडकन उठली.

"खोटं बोलतीय ती!"