उघाडी कुठं हाय ते

त्या दुपारी घरात आमी चार मानसं व्हतो. मी, माजी सून, पडद्यामागं खाटेवर माजा पोरगा, आन् खांदा कॉलनीतली डबेवाली बाई. सुनेचा मोबाईल व्हता, त्याला मानसात धरायचं का नाय ते मला ठावं नाय.

पोरगा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. वरनं पडला, कमरेखालचं गेलं. तवापास्नं घर सुनेच्या मोबाईलवर चालतं. त्यात एआय का काय म्हनतात, त्याच्याशी बोलून ती दुकानदारांची कामं करते. डबेवालीचा रोजचा मेनू, शिंप्याची जाहिरात, सुक्या मासळीवाल्याच्या गिऱ्हाईकांना जबाब. मी दुसरी शिकलेली. तांदूळ आन् औषध त्याच्यातनं येतं, येवढं मला कळतं.

डबेवाली मनानं चांगली. पोरासाठी शिरा घेऊन आलती. बसल्या बसल्या बोलली, "वहिनी, तुझं हे मशीन चहापण करतं का गं?"

सून बोलली, "चा आय करते. म्हनून तर आयची नोकरी पक्की."

सगळी हसलो. मंग बाई जवळ सरकली. "मला दाखव ना, तू त्याला नक्की काय सांगतेस?"

सुनेनं दाखवलं. पयलं गिऱ्हाईक कोन ते सांगायचं, नोकरीवाली, तिखट कमी खानारी. मंग भाजी सांगायची. मंग बोलायचं, का थोडक्यात लिव, उगाच गोड बोलू नको. बाईनं आपला मोबाईल काढला, तसंच बोलली. पापड भाजून व्हायच्या आत मेनू आला.

"अगंबाई, आला की!" खाली त्यानं काय ईचारलंय तेबी तिनं मोठ्यानं वाचलं. "आणखी काय करून देऊ?"

माजी सून फोनवर गिऱ्हाईकांना हेच बोलते.

पडद्यामागं पोराचा रेडिओ चालू व्हता. तो बंद झाला.

मला आमचं जुनं मिठागर डोळ्यापुढं दिसलं. मी नवी सून व्हते तवा दोन मानसं आलती. आमच्या माठातलं पानी प्यायली. आमच्या ह्यांना ईचारलं, "दादा, खाडीचं पानी आत कुठनं घेता?" बांधाला पान्याचं दार असतं, त्याला आमी उघाडी बोलतो. हे हौशीनं घेऊन गेले, फळी कशी उचलायची तेबी दाखवलं. घरी आलेल्या मानसाला नाय कसं बोलायचं? मंग मातीचे डंपर आले. सगळ्यात पयली त्यांनी उघाडी बुजवली, मंग आख्खं मिठागर.

बाई गेल्यावर मी सुनेला बोलले, "तू उघाडी दाखवलीस."

ती बोलली, "आय, मशीन काय माज्या बापाचं हाय? आज नाय तर उद्या शिकलीच असती."

तेबी खरं. मी भांडी घासायला घेतली.

डबेवालीचं काम परत आलं नाय. शिरा मातर येतो. मंग शिंपी आला, "जरा दाखवा ना," बोलला. सुनेनं त्यालाबी दाखवलं. आता येक मासळीवाला उरलाय. त्याचा निरोप हाय, उद्या चा प्यायला येतो. निरोप आयकल्यापास्नं पोरानं ताटाला हात लावला नाय.

तुमी जे कोन वाचत असाल, पनवेलात तुमचं दुकान असंल तर काम माज्या सुनेला द्या. शिकायला येऊ नका.