निवळलेलं पाणी

आमच्या सणसरच्या घरात स्वच्छतेचा कारभार माझ्याकडे होता. नेमणूक माझी मीच केली होती.

धाकट्या नणंदेचा एक स्तन कॅन्सरपायी पुण्याला काढून टाकला, तेव्हा देशाला नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं. तिच्या इंदापूरच्या सासरच्यांनी मोठ्या मनाने तिला हवापालटाला आमच्याकडे धाडलं आणि परत न्यायचं विसरून गेले. मी काही तितकी निष्ठुर नव्हते. मी तिला ठेवून घेतलं, फक्त तिचं ताट वेगळं केलं. चुकून मिसळू नये म्हणून कडेला खिळ्याने फुली मारली. आजार आत दबा धरून बसलाय यावर सगळ्या आळीचं एकमत होतं. पाटाच्या पाण्यावरून एवढं एकमत आमच्यात कधी झालं नाही.

सहा वर्षांनी तिच्या पोटात पाणी झालं. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून आळी समाधानाने हळहळली.

बारामतीच्या डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. म्हणाले, "जुनाच कॅन्सर पसरला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही. नवा, वेगळा असेल तर करून बघता येईल. हे पाणी पुण्याला तपासू." सुईने पाणी काढून, त्यात स्पिरिट घालून बाटली आमच्या ह्यांच्या हातात दिली. गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

सकाळी बघते तर बाटलीच्या तळाशी गाळ. पुण्याच्या डॉक्टरांना असलं पाणी द्यायचं? घराण्याची अब्रू होती. मी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या धुतलेल्या बाटलीत ओतलं आणि गाळ मोरीत सोडला.

पुण्याहून उत्तर आलं, पेशी सापडल्या नाहीत. ह्यांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांत पोट पुन्हा पाण्याने भरलं.

डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा मी माझी हुशारी सांगितली. त्यांनी कपाटातून नवी बाटली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, बघायचं होतं ते त्या गाळातच होतं."

माझ्यापायी तिने पुन्हा सुई सोसली. या खेपेला बाटली कंपाउंडर घेऊन गेला. पुण्यात पहिल्या ऑपरेशनच्या वेळची, गाठीच्या पेशींची काच जपून ठेवलेली होती. तिच्या शेजारी या पाण्यातल्या पेशी ठेवून बघितल्या. दोन्हींचा मेळ बसेना.

"हा नवा आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक अंडाशयातला. ऑपरेशन करू."

नव्या कॅन्सरचा आनंद झालेलं आमचंच घर असावं. हे तर डॉक्टरांच्या पायाच पडायला निघाले.

नणंद तेवढी हलली नाही. तिने विचारलं, "म्हंजी पयला बरा झाला हुता?"

"हो बाई. त्याचा मागमूस नाही."

"ही सहा वर्सं मी बरीच हुते?"

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, इतकी लाज वाटली. ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मंग वैनी, माजं ताट कशापायी येगळं हुतं?"