तळाशी थांबणारं यंत्र

स्विमिंग पूलसाठी यंत्र निवडायचं काम मुलानं माझ्यावर सोपवलं, कारण दिवसभर घरी मीच असतो. त्यानं घरामागं पूल बांधायला काढला तेव्हा मी विरोध केला होता. या शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं आणि आपण पोहायला टँकर ओततो, असं मी म्हणालो होतो. खरं कारण ते नव्हतं. पूल आहे तिथून हाकेच्या अंतरावर आमची विहीर होती. शेताचं प्लॉटिंग झालं तेव्हा ती बुजवली. आता तिथं मुलाची गाडी उभी असते.

पूलचं पाणी पुन्हापुन्हा बदलणं शक्य नाही, म्हणून बॅटरीवर चालणारं, बिनवायरचं यंत्र घ्यायचं ठरलं. पाण्यात सोडलं की ते बुडतं, तळावरून फिरतं, भिंती चढतं आणि गाळ, पानं पोटातल्या जाळीत जमा करतं. मुलानं मोबाइलवर दोन दाखवली.

"अण्णा, हे घेऊ. जाळी बारीक आहे. आपल्याकडची धूळ साध्या जाळीतून निसटते."

"चार्जिंग संपल्यावर काय करतं?"

"काय करणार? बसतं तळाशी. काठीला लावायचा गळ देतात सोबत. ओढून घ्यायचं."

"आणि दुसरं?"

"ते संपत आलं की आपणहून काठाला येतं. पण जाळी विरळ आहे हो त्याची. अन् गळाचं काय घेऊन बसलात? विहिरीतल्या बादल्या काढलेला माणूस तुम्ही."

तो हसला. त्याचे काका, म्हणजे माझा थोरला भाऊ, दारू पिऊन विहिरीत पडले, एवढंच त्याला ठाऊक आहे. सगळ्यांनाच तेवढं ठाऊक आहे.

दुकानदारानं बारीक जाळीचं यंत्र दोन दिवस वापरून बघायला दिलं. मुलगा वाळूजला कामावर गेल्यावर मी ते पाण्यात सोडलं आणि खुर्ची टाकून बसलो. त्याचा आवाज फार नव्हता, पण ती घरघर मला फरशीतून, तळपायांना कळत होती. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की आतलं पाणी उपसायचं डिझेल मशीन असंच तळपायांना कळायचं.

विहीर आम्हा दोघा भावांची. पाणी पाळीनं घ्यायचो, एक दिवस त्याचा, एक माझा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मशीन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावं लागायचं, आणि मग त्याचा धूर आतच बसून राहायचा, त्यात माणसाला भोवळ यायची. म्हणून मशीन नुकतंच बंद झालं असेल तर कुणी लगेच उतरत नसे. कडुनिंबाची मोठी फांदी दोराला बांधून विहिरीत खालीवर घुसळायची, आतली हवा हलवायची, मग उतरायचं. मशीन रात्रभर बंद असलं तर त्याची गरज नसे.

त्या दिवशी माझी पाळी संध्याकाळी संपली होती. मोसंबी वाळत होती. मी मशीन बंद केलं नाही. भाऊ गावात राहायचा, त्याला आवाज जाणार नव्हता. पहाटे डिझेल संपून ते आपोआप बंद पडलं. उजाडताना भाऊ आपल्या पाळीसाठी डिझेलचा कॅन घेऊन आला.

"मशीन कव्हा बंद केलं रे?"

"रातीच, दादा."

फांदी तिथंच पडलेली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पायऱ्या उतरायला लागला. आधी कॅन पडल्याचा आवाज आला. नंतर पाण्याचा.

लोक धावले, गळ टाकून त्याला बाहेर काढलं. पोलिसानं विचारलं, "पीत होता का?" मी म्हणालो, "कधीमधी घ्यायचा." खोटं नव्हतं. लासूरच्या बाजाराला गेला की घ्यायचा. माझं वाक्य पुढं गावानं पुरं केलं, मी ते करू दिलं. त्याच्या बायकोला आणि पोराला मी सांभाळलं. दीर असावा तर असा, हे लग्नाकार्यात लोक माझ्यासमोर बोलायचे, आणि वहिनी पदर सावरत मान डोलवायच्या.

फरशीतली घरघर थांबली. यंत्राचा दिवा विझला. पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की तळाशी ते काळं, एका अंगावर कललेलं, स्पष्ट दिसत होतं. मी काठीला गळ लावला आणि पाण्यात सोडला. तो यंत्राच्या कडीपर्यंत पोचला, पण मला ओढवेना.

वहिनी मागच्या खोल्यांत राहतात. त्या तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या. उठून आल्या.

"काढा की भाऊजी. कामून थांबले?"

त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली, कमरेत वाकून यंत्र वर ओढलं आणि काठावर ठेवलं. त्यातून पाणी गळत राहिलं.

"लई जड हाय मेलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमाला काय झालं?"

तेव्हा मी सांगितलं. पाळी, मोसंबी, 'रातीच' हा शब्द, सगळं. त्या तशाच काठी धरून उभ्या होत्या.

"म्हंजी ते पेलेले नव्हते?"

"नव्हते."

"मी त्यांच्या तेराव्याला रडले नाय, भाऊजी. दारू पिऊन पोराला उघडं टाकलं म्हून. नातवाला त्यांचं नाव ठेवू देलं नाय." मग त्या म्हणाल्या, "आन् तुमी माझ्या ताटात रोज भाकर वाढली."

काठी भिंतीला टेकवून त्या आत गेल्या. तांदळाचं सूप दारातच राहिलं, चिमण्या आल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. जेवण स्वतःचं स्वतः करतात.

ते यंत्र मी परत पाठवलं. काठाला येणारं घेतलं. मुलगा म्हणतो, पाण्यात धूळ राहते. राहते.

पुतण्या पुण्याला असतो. बाप दारुडा म्हणून त्यानं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, आणि बापाचा विषयही कधी काढला नाही. मी फोनवर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला एकट्याला सांगून भागणार नाही. तेव्हा ज्यांना ज्यांना बाबा पिऊन पडले असं वाटू दिलंत, त्यांना सांगा."

त्यातले बरेच आता नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहितो आहे. माझा भाऊ त्या सकाळी शुद्धीत होता. विहिरीत उतरण्याआधी विचारायचं ते त्यानं विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.