धुतलेल्या बाटल्या

ब्रुक रोडच्या कडेला पडलेल्या दारूच्या चिमुकल्या बाटल्या वर्ना पेल्की वर्षानुवर्षं उचलत आली होती. गाडी चालवताना एका घोटात संपवायची आणि खिडकीतून भिरकावायची, ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली जुनी खोड. मोठी रिकामी बाटली दुकानात परत केली की अनामत मिळायची, ती कोणीही उचलायचं. छोटीला कोण विचारतो? वर्ना त्या घरी आणून धुवायची आणि बरण्यांत भरून ठेवायची. राजधानीत आमदारांपुढे तिने त्याच बरण्या नेऊन मांडल्या. छोट्या बाटल्यांवरही पाच सेंट अनामत घ्यायचा कायदा झाला, तेव्हा पेपरात फोटो तिचाच आला.

मग रस्त्यावर रॉइस टटल उगवला. कागद गिरणीतलं काम सुटलेलं, सायकलमागे गाडा बांधलेला. वर्ना कॉफी संपवून बाहेर पडेपर्यंत रस्त्याकडेचा चर लख्ख.

"तुझा रस्ता रॉइसने पळवला गं," बाटल्या परत घेणाऱ्या दुकानातली डॉट म्हणाली. "येणारेजाणारे हॉर्न वाजवून हात करतात त्याला!"

"पैशांसाठी उचलतो मेला."

"मग? कायदा कशाला मागितलास, बाई?"

हात करतात! वर्नाला कधी कोणी हात केला नव्हता. तिला बघून लोक काच वर करायचे. ते हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने कोटाखालून एक बरणी नेली आणि चरात रिती केली. सगळ्या बाटल्या कायद्याआधीच्या, अनामतीचा शिक्का नसलेल्या. डॉट एकही घेणार नव्हती. वाकू दे त्याला फुकट!

संध्याकाळी रॉइस पिशवी घेऊन दारात उभा.

"मिसेस पेल्की, ह्या डॉटने परत केल्या. शिक्का नाही म्हणाली."

"मग मला काय दाखवतोस?"

"तुमच्या आहेत म्हणून." त्याने एक बाटली तिच्या नाकासमोर धरली. "वास घ्या. आहे का कसला? पिऊन फेकणारा माणूस बाटली धुऊन फेकतो होय?"

वर्नाने त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"पुढच्या वेळी शिक्क्याच्या टाका," तो पायऱ्या उतरत म्हणाला. "माझी पाठ दुखते हो."

वर्ना बाटल्या पुन्हा बरणीत भरू लागली. एकीला चरातला चिखल लागला होता. ती तिने नळाखाली धरली. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. तिने मान वळवली नाही. हात कुणाला केला असेल, ते तिला ठाऊक होतं.