मातृशोक

आत्याच्या निधनाची बातमी शोधायला वाचनालयात जुन्या साप्ताहिकांची फाईल उघडली. कुबट वास नाकात गेला आणि मी नव्वदच्या दशकातल्या शिरवणे गावात पोचले.

गोमाआत्याचं प्रेत अंगणात होतं. तिचा मुलगा बाळाराम, जमिनी विकून नुकताच बिल्डर झालेला, साप्ताहिकाच्या वार्ताहराला चहा पाजत होता.

“आईंचं नाव काय लिहू?” वार्ताहराने विचारलं.

“तिला कोन वलखते? माजा नाव टाक. फोटो पन माजाच, तो गॉगलवाला.”

मिठागरात राबून जिने त्याला वाढवलं, तिच्या तळपायांच्या भेगा चादरीबाहेर दिसत होत्या. तेव्हा मला वाटलं, दुःखाने भान सुटलंय बिचाऱ्याचं. कसलं दुःख अन् कसलं काय! भांग बरा पाडला होता मेल्याने.

तिचं नाव शोधत कितीतरी पानं उलटली. शेवटी त्याचाच गॉगल दिसला. ‘युवा नेते बाळारामशेठ यांना मातृशोक.’ खाली त्याची पदं, त्याचं कार्य, त्याचे भेटायला आलेले पुढारी. आत्याचं नाव कुठेच नाही.

परक्याने वाचलं तर वाटेल, गेला तो हाच. माझ्यापुरतं ते खरंच आहे.